दुसरं टोक

"बाई, हा ठिपका तुमचाच असणार," हुमेरा म्हणाली आणि तिने एका जुन्या गुरुवारी नोंदलेला नकाशा पडद्यावर मोठा केला.

नलिनीबाई सरनोबत चहाचा कप हातात तसाच धरून पुढे वाकल्या. जतच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि हुमेरा मुल्ला ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आता ती गावाबाहेर, पवनचक्क्यांच्या माळावर झालेल्या नभोजाल केंद्राची प्रमुख होती. तिने बाईंना केंद्र बघायला हौसेने बोलावलं होतं.

"माझा कसा?" बाईंनी विचारलं.

"शेजारी वारंवारता दिसतेय ना? हौशी रेडिओवाल्यांची. आपल्या तालुक्यात तो छंद तुमच्याशिवाय कुणाला आहे? दर गुरुवारी संध्याकाळी हा ठिपका उगवतो. थोडा वेळ राहतो, मग विझतो." हुमेरा हसली. "कुणाशी गप्पा मारता एवढ्या?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

नभोजाल उभारलं गेलं ते सूर्यावरच्या वादळांमुळे. गेल्या काही वर्षांत ही वादळं फार वाढली होती. वादळ आलं की उपग्रह चुकीच्या जागा सांगायचे आणि फवारणीचे ड्रोन शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत जाऊन उतरायचे. जमिनीपासून तीनेकशे किलोमीटरवर विद्युतभारित कणांचा एक थर असतो. त्याची अवस्था दर क्षणी कळावी म्हणून देशभर हजारो लहान लहान ग्राहकयंत्रं बसवली गेली. रेडिओच्या लघुलहरींसाठी हा थर म्हणजे आभाळातला आरसा. इथून सोडलेली लहर वर जाते, आरशाला टेकते आणि दूर कुठेतरी खाली उतरते. दोन माणसं एकमेकांशी बोलत असली की दोघांच्या लहरी आरशात एकाच जागी टेकतात आणि तिथले कण किंचित थरथरतात. ती थरथर इतकी सूक्ष्म, की पूर्वी कुणाला कळलीही नसती. नभोजालाला ती कळत होती, आणि ते तिथे एक ठिपका उमटवत होतं. त्या त्या क्षणाचा नकाशा सर्वांना खुला होता, जुन्या नोंदी मात्र केंद्रांकडेच राहत.

ठिपका होता तेलंगणातल्या निर्मळ गावाच्या जरा खाली.

"हुमेरा, ही लहर टेकते ती जागा दोघांच्या बरोबर मध्ये असते ना?"

"साधारण मध्येच, बाई. आरसा सपाट असेल तर."

बाईंना पुढचं काही विचारायचं नव्हतं. शक्य असतं तर त्यांनी डोळे मिटून घेतले असते. पण डोक्यातलं गणित काही डोळे मिटून थांबत नाही. मध्यबिंदू माहीत आहे, एक टोक माहीत आहे. घरापासून ठिपक्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच त्याच दिशेने पुढे. अक्षांश दुप्पट करून घराचा वजा करायचा, रेखांशाचंही तसंच. नववीतला मुलगा कागदाशिवाय करेल.

धमतरी. छत्तीसगड.

त्यांची मुलगी धमतरीला होती.

*

केतकी घरातून गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तिने सुगतशी लग्न केलं. सुगत चित्रकलेचा शिक्षक, शांत, मितभाषी मुलगा. पण त्याची जात सरनोबतांच्या घरात चालणारी नव्हती. नलिनीबाईंचे पती हयात नव्हते. घराचे निर्णय थोरले दीर घेत. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी ओळखीने केतकीचा फोन कुठे आहे ते शोधून काढलं आणि तीन गाड्या पुण्याला गेल्या. त्यातल्या एका गाडीत बाईंचा मुलगा संग्राम होता. सुगतचं उजवं मनगट त्या दिवशी मोडलं. दोघं मागच्या जिन्याने निसटली म्हणून वाचली.

तेव्हापासून केतकीने फोन सोडला. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ती मोर्सची टिकटिक शिकली होती, ती आता कामाला आली. नियमात न बसणारं ते बोलणं दर गुरुवारी दिवेलागणीच्या आधी चाले. केतकीने पहिल्याच वेळी एक अट घातली होती. 'मी कुठे आहे विचारू नकोस. तुला माहीतच नसेल, तर तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही.'

बाईंनी ती अट पाळली होती. आज, काही न विचारता, ती मोडली गेली.

त्या स्कूटरवरून घरी निघाल्या. धमतरी. त्यांनी ते नाव तोंडाने उच्चारून पाहिलं. रेल्वेने गेलं तर किती वेळ लागेल? केतकीला सातवा महिना होता. डोहाळे काय लागलेत हे टिकटिकीतून विचारून विचारून किती विचारणार? आनंद असा उसळून आला, की गावात शिरेपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. दारात संग्रामचा ड्रोनचा ट्रेलर उभा दिसला आणि त्यांनी स्कूटर रस्त्यातच थांबवली.

संग्राम तालुकाभर फवारणीची कामं घ्यायचा. उड्डाणाच्या आधी आभाळ शांत आहे का, हे तो रोज नभोजालाच्या नकाशावरच पाहायचा.

*

जेवताना संग्राम ताटाकडे बघतच म्हणाला, "आई, गुरुवारी गच्चीवर कुणाशी बोलतेस गं?"

"आहेत जुने रेडिओवाले. एक केरळचा, एक..."

"केरळचा असता तर ठिपका खाली कर्नाटकात पडला असता."

बाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

"मध्यबिंदूचं सूत्र तूच शिकवलंस मला," संग्राम म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. "गेल्या गुरुवारी सहज बघत होतो. वादळ होतं, ठिपका हलत होता, नीट जागा मिळाली नाही. पण रायपूरच्या खालचा भाग आहे एवढं कळलं."

"आबांना सांगितलंस?"

संग्रामने ताट बाजूला सरकवलं.

"त्यांच्या नातीचं लग्न ठरत नाहीये, आई. जो येतो तो विचारतो, तुमची ती पुतणी कुठे असते. ते म्हणाले, या वेळी फक्त समजावून सांगायचं. घरी आणायचं."

"पुण्यालाही समजावूनच सांगायला गेला होतात."

"मी हात लावला नाही त्याला."

"धरून कोणी ठेवलं होतं?"

संग्राम उठला. हात धुताना त्याने नळ उगाच खूप वेळ चालू ठेवला. मग पाठमोराच म्हणाला, "या गुरुवारी बोलणार आहेस ना तू?"

बाईंना त्या प्रश्नाची भीती वाटली. मध्यबिंदूत जेवढी चूक असते, तिच्या दुप्पट चूक दुसऱ्या टोकाला होते. ठिपका वीस कोसांनी हलला, तर माणूस चाळीस कोसांच्या घोळात हरवतं. तेवढ्या मुलखात एका जोडप्याला शोधता येत नाही. म्हणून आबा आणि संग्रामला आणखी एक संध्याकाळ हवी होती. शांत आभाळाची, स्पष्ट ठिपक्याची. आणि ती बाईंनीच त्यांना द्यायची होती.

*

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा केंद्रावर गेल्या आणि हुमेराला सगळं सांगितलं. हुमेराचा चेहरा उतरला.

"मी हे यंत्र दाखवून कॉलर ताठ करत होते, बाई. हे असं वापरलं जाईल असं डोक्यातही नव्हतं. मी आजच वर लिहिते, खासगी ठिपके लोकांना दाखवू नका म्हणून. पण ते मान्य व्हायला महिने लागतील." ती उठून येरझाऱ्या घालू लागली. "गुरुवारी मी आपलं केंद्रच बंद ठेवते."

"बाकीची हजार केंद्रं आहेत. ठिपका तरीही दिसेल. तुझी नोकरी मात्र जाईल."

"मग बोलूच नका तुम्ही."

"मी नाही बोलले, तर ती घाबरेल. आमचं ठरलंय, एक गुरुवार चुकला की ती फोन करणार. आणि तिने फोन केला, की संपलंच." बाईंनी कपाळ दाबून धरलं. "तिला सावध करायचं तर बोलायला हवं. बोललं की ठिपका उमटणार."

बुधवारी सकाळी आबांची गाडी दाराशी आली. आबा खाली उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "नलिनी, पोरगी तुझी आहे तशी आमचीबी आहे. काळजी करू नको." संग्राम मागच्या सीटवर बसला. त्याने आईकडे पाहिलं नाही. ते रायपूरच्या रोखाने निघाले होते. तिथे पोचून, गाडीत बसून, गुरुवारच्या ठिपक्याची वाट बघणार होते.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बाई अंगणात उभ्या राहिल्या, मग आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. एका जागी बसवेना. गच्चीवर जाऊन त्यांनी रेडिओची तार पाहिली, खाली आल्या. संग्रामला ठिपका मिळेल, आणि तो घरापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजून तेवढंच पुढे जाईल. घरापासून.

त्या जिन्यातच थांबल्या.

घरापासूनच का? कारण रेडिओ घरी आहे असं तो धरून चालला आहे. सगळं गणित या टोकावर उभं आहे, आणि हे टोक खिळ्याने ठोकलेलं नाही.

त्यांनी पाटीवर लिहितात तसं बोटाने भिंतीवर लिहून पाहिलं. मी दक्षिणेला सरकले, तर ठिपका माझ्या निम्म्याने सरकेल. संग्राम त्याची दुप्पट करेल. म्हणजे त्याचं उत्तर बरोबर मी सरकले तेवढंच सरकेल, त्याच दिशेला. मी घरापासून जितकी लांब, तितके ते केतकीपासून लांब.

पुन्हा एकदा करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

आता प्रश्न एवढाच होता, किती लांब जायचं. फार लांब गेलं तर उत्तर आधीच्या अंदाजाशी जुळणार नाही आणि त्याला संशय येईल. थोडक्यात राहिलं तर आबांची माणसं रात्रीत फिरून धमतरीला पोचतील. त्यांनी नकाशा काढला. बेळगाव. बेळगावला गेल्या, तर संग्रामचं उत्तर धमतरीऐवजी नारायणपूरच्या पलीकडच्या जंगलात जाऊन पडणार होतं. रस्ते वाईट, वस्ती तुरळक, एकेक पाडा शोधायला दिवस लागणारा मुलूख. पटण्यासारखाही होता, लपायचं असेल तर माणूस जंगलातच जाईल.

त्यांनी फोन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, तिथेच राहू दिला. गच्चीवरची तारही तशीच ठेवली. कपाटातून जुना लहान रेडिओ संच, मोर्सची किल्ली, बॅटरी आणि तारेचं भेंडोळं काढून प्रवासी पिशवीत भरलं. दोन साड्या घेतल्या. नवऱ्याच्या फोटोला नमस्कार केला. हुमेराने त्यांना मिरजेपर्यंत गाडीने सोडलं.

"परत कधी याल?" तिने विचारलं.

"मी परत आले, की गणित पुन्हा खरं होईल, हुमेरा."

हुमेरा रडायला लागली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बेळगावच्या गाडीत बसल्या.

*

गुरुवारी दुपारपासूनच त्या यळ्ळूरच्या गडाखालच्या माळावर होत्या. दोन झाडांमध्ये तार ताणायला एका गुराख्याने मदत केली. "काय धरताय बाई, याच्यात?" त्याने विचारलं. "लेकीचा आवाज," त्या म्हणून गेल्या. त्याला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. मान हलवून तो गुरांमागे गेला.

वेळ जाता जाईना. बॅटरी तपासली, पुन्हा तपासली. आरसा तिरका असला तर? संध्याकाळ होताना तो थर सरकतो, वर जातो, हे त्यांना माहीत होतं. हिशेब तिथेच कुठेतरी फसला तर? किंवा केतकीच ऐकायला आली नाही तर? ऊन कलायला लागलं तशी त्यांनी किल्लीवर बोट ठेवलं आणि हाक घातली.

लगेच उत्तर आलं. 'आई. आज आवाज वेगळा येतोय. तार बदललीस?'

'ऐक. मध्ये बोलू नकोस. आजच गाव सोडा. आबा आणि संग्राम रायपूरजवळ आहेत. आकाशातून जागा कळते आता. आजची रात्र तुमच्याकडे आहे. धमतरी सोड.'

'तुला धमतरी कसं माहीत?'

'गणित सुटलं. मी मुद्दाम सोडवलं नाही.'

'तू शब्द दिला होतास.' टिकटिक चुकत होती. 'मी कुठे चालले ते आता सांगणार नाही. तूही काढायचं नाहीस. काहीही झालं तरी.'

'नाही काढणार.'

'तू कुठे आहेस?'

'घरी नाही,' बाईंनी पाठवलं. 'पळ आता. जपून. पायऱ्या सावकाश उतर.'

खरखर परत आली आणि राहिली. बाई काळोख पडायला लागेपर्यंत कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. मग उठून त्यांनी तार गुंडाळली.

*

पाच दिवसांनी लोंढा जंक्शनवर, गाडीची वाट बघताना, त्यांना राहवेना. एका प्रवाशाकडून त्यांनी फोन मागून घेतला. संग्रामने पहिल्याच घंटीला उचलला.

"आई?"

"केतकी कुठे आहे?" त्यांनी एवढंच विचारलं.

"माहीत नाही. नारायणपूरच्या पुढे सगळे पाडे फिरलो. आबांना वाटेत ताप भरला, काल रात्री परत आलो." मागे कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, घरचंच. "आई, गच्चीवर कॅमेरा आहे. ड्रोनच्या पेट्या चोरीला जातात म्हणून मी लावला होता. विसरलीस तू."

बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. त्या खरोखरच विसरल्या होत्या.

"गुरुवारी गाडीत बसून मी कॅमेरा उघडला. तार होती. तू नव्हतीस. आणि तरीही ठिपका आला." त्याचा आवाज फाटला. "आबा शेजारीच होते. म्हणाले, काढ उत्तर. मी काढलं. घरापासूनच मोजलं."

"का?"

"त्या पुण्याच्या दिवशी मीच धरलं होतं त्याला, आई. हाड मोडलेलं माझ्या हाताला कळलं होतं. अजून कळतं." त्याने आवाज खाली आणला. "तू कुठून बोलतेस ते सांगू नकोस. हा नंबर मी पुसून टाकतो. आबा मला विचारणार, सारखं विचारणार. मला माहीत नसलेलंच बरं."

गाडी फलाटाला लागत होती. हे सगळं खरं आहे की आबा त्याच्याजवळ उभे राहून ऐकताहेत, हे बाईंना कळेना. पोटच्या मुलाबद्दल असा विचार आला, याची त्यांना लाज वाटली.

"जेवत जा वेळेवर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन परत केला.

*

शिरसीला त्यांनी एक खोली घेतली. मालकीणबाई कन्नड आणि मोडकी कोकणी बोलत. दोघींचं खुणांवर चाले. संध्याकाळी त्या चार मुलांना भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. गुरुवार परत सुरू झाले. केतकी पोचली होती, कुठेतरी. सुगतला काम मिळालं होतं, कुठेतरी. बोलणं थोडकंच होई, आणि धमतरीचा विषय दोघी काढत नसत.

आता नकाशावरच्या त्यांच्या ठिपक्याची दोन्ही टोकं जगाला अज्ञात होती. नुसता मध्यबिंदू हातात असून कुणालाच काही करता येत नव्हतं. एक बाई सोडून. त्यांना त्यांचं टोक माहीत होतं. शिकवणीच्या मुलांकडे टॅबलेट होता, नकाशा खुला होता, आणि दर गुरुवारी ठिपका कुठेतरी उमटत होता. एक नजर टाकली, की झालं. बोलणं संपलं तरी ठिपका विझायला थोडा वेळ लागे, म्हणून बाई तेवढ्यात खोलीला कुलूप लावून बाजारात जात, भाजी नको असली तरी घेऊन येत. कधी अर्ध्या रस्त्यातून परत फिरत, दारापर्यंत येत आणि पुन्हा बाजाराकडे वळत. आठवा महिना गेला. नववा लागला. एका गुरुवारी केतकी आलीच नाही. बाईंनी रात्रभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. मालकीणबाईंनी दोनदा दार वाजवून पाणी आणून दिलं.

पुढच्या गुरुवारी त्या वेळेच्या कितीतरी आधी बसल्या. टिकटिक आली ती अनोळखी होती. जड, अडखळणारी, नवशिक्या हाताची.

'आई. मी सुगत. उजव्या हाताने पाठवतोय, चुकेल. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.'

मग दुसरा हात आला, ओळखीचा.

'आई, मला खूप त्रास झाला. सारखी तुझी आठवण येत होती. मी तुझ्यावर चिडले होते. अजून थोडी आहे.'

'चीड. पण जेव नीट,' बाईंनी पाठवलं.

'बाळ तुझ्यासारखं भुवया उडवतं.' खरखर. मग एकेक अक्षर सावकाश आलं. 'आई, आज नकाशा बघ.'

बाईंनी पुन्हा पाठवायला सांगितलं. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

'बघ म्हणते ना. ठिपका जायच्या आत. मी बोलत राहते.'

शिकवणीचा मुलगा टॅबलेट घेऊन ओट्यावर बसला होता. बाईंनी जवळजवळ तो हिसकावूनच घेतला. ठिपका धाराशिवच्या जरा खाली थरथरत होता. कानात केतकी काहीही टिकटिकत होती, बाळाचं वजन, दाईचं नाव, बाहेर पडलेलं धुकं. शिरसीपासून धाराशिवपर्यंत, आणि मग तेवढंच पुढे. ज्या गणिताला पाटीही लागत नाही, ते त्या वेळी त्यांचं दोनदा चुकलं. डोळ्यांपुढे आकडे ठरेनात. मुलाने कागद पुढे केला.

तिसऱ्यांदा उत्तर आलं. मेळघाट.

'कळलं,' त्यांनी पाठवलं. 'थंडी फार असेल तिकडे.'

'फार आहे. गोधडी आण,' केतकीने उत्तर दिलं.

बाईंनी कानावरचं यंत्र काढलं, मुलाच्या हातात टॅबलेट परत दिला आणि मालकीणबाईंच्या दाराशी जाऊन, येत असलेल्या चार कन्नड शब्दांत, हुबळीची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारलं.